डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं: पहिल्यापासून सुरू करायचं का? माझं मत, नको

गंगापूररोडकर:
इंग्रजी विनोदी लेखक टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड ही कादंबऱ्यांची सिरीज वाचलेल्या सगळ्यांना विचारतोय. माझी भाची यंदा अकरावीला गेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मराठी वाचन दांडगं पण इंग्रजी कादंबरी अजून एकही पूर्ण झालेली नाही. तिला विनोदी आवडतं म्हणून मे महिन्यात या सिरीजचं पहिलं पुस्तक दिलं, द कलर ऑफ मॅजिक, डोक्यात एकच की पहिलं ते पहिलं. पंधरा दिवसांनी बहिणीकडे गेलो तर पुस्तक टीव्हीच्या मागे आणि सिटीबसचं तिकीट ३८ व्या पानावर अडकवलेलं. विचारलं तर म्हणाली मामा, यात कशावर हसायचं तेच कळत नाही. फार लागलं मला ते, कारण मी या माणसाची तीसेक पुस्तकं वाचलीत आणि कॉलेजरोडला चहा प्यायला कोणी भेटलं की त्याला पकडून हेच सांगत असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताटासारखी सपाट दुनिया, ती चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवावर उभे आणि कासव अंतराळात पोहतंय. आपण कूर्म आणि दिग्गज ऐकत मोठे झालो त्यामुळे आपल्याला हे ओळखीचंच वाटतं. एकूण ४१ कादंबऱ्या, पहिली १९८३ ची, शेवटची २०१५ ची, प्रॅचेट त्याच वर्षी मार्चमध्ये गेले आणि ती नंतर आली.

तर माझं मत आता पक्कं झालंय, नवीन माणसाने पहिल्यापासून सुरू करूच नये. ते पुस्तक म्हणजे त्याच्या आधीच्या तलवार, जादू, ड्रॅगनवाल्या इंग्रजी कथांचं विडंबन आहे आणि मूळच वाचलं नसेल तर विडंबन काय कळणार. अत्र्यांची झेंडूची फुले १९२५ ची, रविकिरण मंडळाच्या कविता ज्याच्या कानावरून गेल्यात त्याला ती जशी भिडतात तशी बाकीच्यांना भिडतात का? सुरुवात चौथ्यापासून, मॉर्ट, १९८७. बोला.

पंचवटीतला:
दादा, अजिबात पटलं नाही. पहिल्या पुस्तकात टूफ्लॉवर नावाचा पर्यटक आहे त्याचं तुम्ही नावच घेतलं नाहीत. चष्मा, पायांवर चालणारी पेटी, जवळ सोन्याची नाणी आणि गोष्टीतल्या शहरात त्यांची किंमत केवढी होते याचा त्याला पत्ताच नाही, भेटेल त्याच्यावर विश्वास. मी रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाढलोय, हा माणूस मी रोज सकाळी बघतो. गाडीतून उतरला की पिशवी छातीशी धरून कळसाकडे बघत चालतो आणि चार जण त्याच्याकडे धावतात. त्याला सगळं सुंदर दिसतं आणि त्याच्या मागून चालताना आपल्याला वाटतं की अरे हे आपण कधी असं बघितलंच नाही. हे कळायला कुठली इंग्रजी फॅन्टसी वाचलेली असावी लागते? हाच टूफ्लॉवर गुत्तेवाल्याला विमा म्हणजे काय ते सांगतो आणि तो पैशासाठी स्वतःचाच गुत्ता पेटवतो, अख्खं शहर जळतं, पुस्तक सुरूच त्या जळत्या शहरापासून होतं. तुम्ही हे भाचीला सांगितलं होतं का, की नुसतं पुस्तक हातात दिलं?

आणि क्रमाने वाचलं की लेखक वाढताना दिसतो. २००७ च्या डिसेंबरमध्ये त्यांना अल्झायमरचं निदान झालं, टाइप करणं अवघड झाल्यावर ते तोंडी सांगून लिहीत राहिले. मधूनच उडी मारणाऱ्याला ही वाटचाल दिसणारच नाही.

सिडकोची वाचक:
वाटचाल बघायला आधी माणूस ३८ व्या पानाच्या पुढे तर जायला हवा ना. आणि ते पुस्तक संपतं कसं तेही सांगा की. रिन्सविंड, म्हणजे टूफ्लॉवरबरोबर फिरणारा जादू न जमणारा जादूगार, चक्क दुनियेच्या कडेवरून खाली पडतो आणि संपलं, पुढचं १९८६ च्या दुसऱ्या पुस्तकात. म्हणजे पहिल्याच झटक्यात नवख्याच्या गळ्यात दोन पुस्तकं.

माझं मत गार्ड्स! गार्ड्स!, आठवं, १९८९. शहराची रात्रीची गस्त, चारच माणसं, त्यांचा कॅप्टन व्हाइम्स पिऊन गटारात पडलेला, आणि शहरावर ड्रॅगन येतो. गोष्ट सरळ आहे, सुरुवात शेवट नीट आहे, आणि पुढे या गस्तीची आणखी सात पुस्तकं आहेत ती माणसं मोठी होत जातात. दुसऱ्या भागात, मेन ॲट आर्म्समध्ये, व्हाइम्सचा बुटांचा हिशोब आहे. चांगले बूट ५० डॉलरला, दहा वर्षं टिकतात. गरीब माणूस १० डॉलरचे घेतो, ते एकदोन मोसमात फाटतात, दहा वर्षांत त्याचे १०० डॉलर जातात आणि पाय तरी ओलेच. माझे वडील सातपूरला एमआयडीसीत होते, दर जूनमध्ये स्वस्तातले बूट आणायचे आणि गणपतीपर्यंत तळ सुटायचा, मग आत पुठ्ठा कापून घालायचे, तो पुठ्ठा संध्याकाळी गॅसच्या बाजूला वाळत ठेवलेला असायचा. ते पान वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. विनोदी पुस्तकात हे मिळतं म्हणून मी भांडतेय.

नाशिकरोड अपडाउन:
एक व्यवहाराची गोष्ट. मी बरीच वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातोय, याची बहुतेक पुस्तकं गाडीतच वाचली. यातल्या बऱ्याच पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, नुसती मोकळी जागा सोडून पुढे जातो, नवीन वाचणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. गोइंग पोस्टलमध्ये (२००४) प्रकरणं आहेत. फाशीच्या शिक्षेतून वाचलेल्या एका ठगाला बंद पडलेलं पोस्ट चालवायला देतात, आत न वाटलेल्या पत्रांचे ढीग. सोपं आणि पळतं. ते द्या.

जुन्या नाशकातली:
सगळ्यांना नमस्कार. कोणीच स्मॉल गॉड्स म्हटलं नाही याचं नवल वाटलं. १९९२ चं, एकटं पुस्तक आहे, आधीचं काही वाचलेलं लागत नाही. त्यात देवाची ताकद त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांवर अवलंबून असते. ओम नावाच्या मोठ्या देवाच्या नावाने देश चालतो, पुजारी चिक्कार, पण मनापासून मानणारा उरलाय एकच, मळ्यात काम करणारा ब्रूथा, म्हणून तो देव साधं कासव होऊन बसलाय.

मी हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी घाटावर गेले. दुतोंड्या मारुतीची सगळ्यांना आठवण येते, पूर आला की पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं तेच सगळे विचारतात. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, त्याचं नाव आता कोणाला सांगता येत नाही. एक म्हाताऱ्या आजी रोज एक जास्वंद ठेवायच्या, कालचं उचलून खोडाशी टाकायच्या आणि बोटाने शेंदूर सारखा करायच्या. त्या गेल्या वर्षी गेल्या. आता फूल नसतं. नाशकातल्या मुलीला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही हो.

पंचवटीतला:
ताई, तुमचं वाचून गलबललं, पण पुस्तक म्हणून माझा विरोध आहे. त्यात छळखाने आहेत, धर्माच्या नावाने माणसं जाळणं आहे, तत्त्वज्ञांच्या लांब चर्चा आहेत. सोळा वर्षांच्या मुलीला, आयुष्यातली पहिली इंग्रजी कादंबरी म्हणून? ती परत म्हणेल कशावर हसायचं.

जुन्या नाशकातली:
सोळा वर्षांची मुलं काय काय बघतात आणि काय काय विचारतात ते घरात बघा एकदा. हसण्याचंच म्हणाल तर कासव झालेला देव घणाघाती शाप देतो आणि काहीच होत नाही, यावर कोणीही हसेल.

डीटीपीवाला भद्रकाली:
मी मॉर्टच्या बाजूने, आणि कारण माझ्या धंद्यातलं आहे. सिरीजमध्ये मृत्यू हे पात्र जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतं आणि तो बोलतो ते सगळं मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत, अवतरणचिन्हं नाहीत. पानावर नजर पडताच आवाज बदलतो. आपल्या देवनागरीत मोठी-लहान लिपी असा प्रकारच नाही, मी एकदा आवड म्हणून एक पान मराठीत जुळवून बघितलं, ठळक केलं तर ओरडल्यासारखं वाटतं, टाइप मोठा केला तर बातमीच्या मथळ्यासारखं. रात्री दीडपर्यंत बसलो, जमलं नाही. म्हणून म्हणतो की ही गंमत इंग्रजीतच घ्यावी लागते आणि ती पहिल्या भेटीत मिळायची तर मॉर्टमध्ये. प्रॅचेट गेले ती बातमीसुद्धा त्यांच्या ट्विटरवर त्याच मोठ्या अक्षरांत आली होती.

आणि गोष्ट मुलांची आहे. शिकाऊ कामगार निवडण्याचा बाजार भरलाय, आपल्याकडे सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात तसा, सगळी पोरं निवडली जातात, मॉर्ट एकटा उरतो, आणि मध्यरात्री पांढऱ्या घोड्यावरून मृत्यू येतो आणि त्याला कामाला ठेवतो. घोड्याचं नाव बिंकी. अकरावीच्या ॲडमिशनची यादी बघून आलेल्या पोरीला ते उभं राहणं कळेल.

सिडकोची वाचक:
नाक्याचं पटलं. तरी दुसरं पुस्तक गार्ड्सच द्या.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल बहिणीकडे गेलो होतो, डीटीपीवाल्यांचं अक्षरांचं भाचीला सांगितलं तर पहिला प्रश्न, मामा तो एवढ्या मोठ्याने बोलतो का? म्हटलं नाही, मोठ्याने नाही, जड. म्हणाली मग तो कसा बोलत असेल ते मीच ठरवते. मॉर्टची माझी प्रत शनिवारी तिच्याकडे जाईल. जुन्या नाशकातल्या ताई, स्मॉल गॉड्स मी स्वतः परत काढलंय, आणि तो पिंपळ नेमका कुठे ते सांगाल का.

पंचवटीतला:
माझं मत तेच आहे. पहिलं पुस्तक टीव्हीच्या मागून काढून ठेवा. तिला वाचायला लावू नका, टूफ्लॉवर जिथे जिथे बोलतो तेवढंच तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत सांगत सांगत, आणि बघा ती काय म्हणते.