विषय: ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन, अंतर आणि विमानाचा वेळ

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे ओस्लोला येत आहेत. त्यांना उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो दाखवून पुढे स्वालबार्ड या आर्क्टिकमधील द्वीपसमूहावर, लाँगियरब्येनला न्यावे, असा विचार आहे. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे उत्साह त्यांचाच अधिक आहे. परंतु गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ बसवत नाही. मोबाइलवरील नकाशात हे अंतर काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही जास्त दिसते. प्रत्यक्षात किती वेळ लागतो? तेथून भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र पाहता येईल का?

आपली,
ओस्लोची एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्याला दिसले ते बरोबर आहे, पण तो परिणाम नकाशाच्या पद्धतीचा आहे. मर्केटर पद्धतीच्या नकाशात विषुववृत्तापासून दूर जावे तसा प्रदेश ताणला जातो; हा ताण ट्रॉम्सोपाशी जवळजवळ तिप्पट, तर लाँगियरब्येनपाशी पाचपटीच्या घरात असतो आणि भारतात मात्र तो अगदीच थोडा असतो. म्हणून प्रत्यक्षात काश्मीर-कन्याकुमारीच्या एक तृतीयांश असलेले अंतर पडद्यावर त्याहून मोठे भासते.

खरे अंतर बाबांना कागदावरही काढता येईल. ट्रॉम्सोचा विमानतळ 69 अंश 41 मिनिटे उत्तर अक्षांशावर, तर लाँगियरब्येनचा 78 अंश 15 मिनिटांवर आहे. फरक 514 मिनिटांचा, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर; तेव्हा सुमारे 950 किलोमीटर झाले. मार्ग किंचित पश्चिमेकडे झुकतो, ते धरून 960. मुंबई-दिल्ली हवाई अंतरही याहून जास्त आहे. वेळापत्रकात साधारण एक तास चाळीस मिनिटे दिलेली असतात, आणि दोन्हीकडे घड्याळ एकच असते.

त्यामुळे बसण्याची काळजी नसावी. माझ्या मते खरी काळजी व्हिसाची घ्यायला हवी. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर आहे. तेथे जाण्यास वेगळा व्हिसा लागत नाही. पण जाताना आपण शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो, म्हणून आई-बाबांचा व्हिसा किमान दोनदा प्रवेश देणाराच असला पाहिजे. माझ्या सासूबाईंच्या व्हिसावर एकदाच प्रवेश होता, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले आणि त्यांना ट्रॉम्सोहूनच परतावे लागले. त्याची हळहळ मला आजही वाटते, म्हणून इतके आग्रहाने लिहितो आहे.

उन्हाळ्यात तेथे धुके दाटते आणि विमान उतरू शकले नाही, तर ते मुख्य भूमीवर परत फिरते. परतीच्या ओस्लो-मुंबई प्रवासाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र 2008 मध्ये सुरू झाले. गोव्यात वास्को येथे असलेली राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. केंद्र न्यू-ऑलेसुंद येथे, लाँगियरब्येनपासून 110 किलोमीटरच्या आसपास आहे. छोटे विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचते, पण ते मुख्यतः संशोधक व तेथील कर्मचारी यांच्यासाठी असते. पर्यटक उन्हाळ्यात बोटीने जातात आणि केंद्राची इमारत बाहेरून पाहता येते. बोटीत मात्र बराच वेळ जातो, तेव्हा ते ठरवण्याआधी बाबांच्या गुडघ्यांचा विचार करावा.

आपला,
ट्रॉम्सोचा एक सभासद