मदत हवी आहे: ३९ व्या वर्षी अंबडमधली नोकरी गेली, सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊ की थांबू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, पवननगरजवळ. आयटीआय मशिनिस्ट, नंतर नोकरी करत करत मेकॅनिकलचा डिप्लोमा. अंबडमधल्या एका मध्यम कंपनीत ११ वर्षं क्वालिटीला होतो, शेवटची चार वर्षं फायनल इन्स्पेक्शन, म्हणजे माल बाहेर जाण्याआधीची तपासणी, माझ्याकडे. हातात २७ हजार पडायचे. मोठ्या कस्टमरच्या ऑर्डर अर्ध्यावर आल्या आणि एका दुपारी आम्हा सहा जणांना एकेक करून आत बोलावलं, म्हणाले राजीनामा लिहून द्या, तुमचंच रेकॉर्ड चांगलं राहील. मी लिहून दिला. त्याला आता तीन महिने होतील.

पहिला महिना रिझ्युमेच्या पन्नास झेरॉक्स काढून रोज सकाळी बाहेर पडायचो, एक्सलो पॉइंटपासून सुरुवात, मग गरवारे, मग सातपूरला पपया नर्सरीपर्यंत, दिसेल त्या गेटवर. सिक्युरिटीवाला नाव लिहून घेतो, कागद ट्रेमध्ये टाकतो, साहेब फोन करतील म्हणतो. एका गेटवर आठ दिवसांनी परत गेलो तर माझाच रिझ्युमे उलटा ठेवलेला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आत-बाहेर जाणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहिलेले. त्या माणसाला काय बोलणार, त्याला कोणी वही दिली नसेल. पण तिथून मी सरळ घरी आलो आणि पुढचे दोन दिवस बाहेरच पडलो नाही.

मग मोबाईलवरून सुरू केलं, रोज पंधरा-वीस ठिकाणी अप्लाय. फोन आले ते असे की सिलेक्शन झालंय, युनिफॉर्म आणि गेटपाससाठी अडीच हजार पाठवा. मी नाही पाठवले. कोणी शोधत असाल तर तुम्ही पण पाठवू नका, खरी कंपनी कामावर घ्यायचे पैसे मागत नाही.

आता खरा प्रश्न. गोंदे इथल्या एका ठेकेदाराकडून ऑफर आलीय, सात महिने, १७ हजार, तिन्ही शिफ्ट, मग ब्रेक, म्हणजे काम बंद. सोमवारपर्यंत सांगायचंय. घराचा हप्ता ११ हजार आहे, दोन मुलं, बायको घरी शिवणकाम करते त्यावर किराणा निघतोय. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, आयुष्यभर एकच गेट. ते म्हणतात घरी बसण्यापेक्षा लागून जा, कामाला कसली लाज. मित्र म्हणतो एकदा १७ वर उतरलास की २७ वर परत कोणी नेणार नाही. दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही.

अजून एक. इंटरव्ह्यू दोन झाले, दोन्हीकडे तुम्ही नक्की काय केलं विचारलं आणि मी म्हणालो फायनल इन्स्पेक्शन बघायचो, आणि गप्प बसलो. आपण केलेलं आपणच सांगत सुटायचं हे मला कधी जमलंच नाही, काम चांगलं असलं की बघणाऱ्याला दिसतं असं वाटायचं. एकदा कस्टमरकडे बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक, अंडरसाइज (मापापेक्षा लहान) म्हणून सारखं रिजेक्शन येत होतं, आमच्याकडे मात्र रिपोर्ट सगळे ओके. मी दोन रात्री थर्ड शिफ्टला उभा राहिलो तेव्हा कळलं की पोरं मशीनवरून काढलेला गरम जॉब, म्हणजे तो पार्ट, तसाच भोक मोजायच्या बोअर गेजवर घेतात. ॲल्युमिनियमचा ५० मिमीचा बोअर २० अंशांनी गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोठा लागतो, गार झाला की तेवढाच आकसतो. जॉब रॅकवर गार करूनच मोजायचे असं ठरवलं, रिजेक्शन थांबलं. पण हे कुठे लिहिलेलं नाही आणि कोणाला सांगितलेलं पण नाही.

कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का? राजीनाम्याचं विचारलं तर काय सांगायचं? प्लीज मनापासून सांगा.

प्रतिसाद १:
दादा, मी सातपूरमध्ये बरीच वर्षं एचआर बघतोय. तुमच्या रिझ्युमेत काय असेल ते न बघता सांगतो, "वर्क्ड ॲज क्वालिटी इन्स्पेक्टर" आणि खाली गेजची नावं. असे रोज ढिगाने येतात. तो बोअरचा किस्सा वरच्या चार ओळींत टाका, कम्प्लेंट काय होती, कारण काय सापडलं, मग काय झालं. गेटवर कागद देणं बंद करा. कस्टमरकडून ऑडिटला येणारे लोक चार वर्षं तुमच्या सहीचे रिपोर्ट बघत होते ना, त्यांना फोन करा. नोकरी मागू नका, मी आता तिथे नाही, क्वालिटीला कुठे जागा असेल तर कळवा, एवढंच बोला.

राजीनाम्याचं सरळ सांगायचं, ऑर्डर कमी झाल्या, सहा जण कमी केले, त्यात मी होतो. जुन्या कंपनीबद्दल वाईट एक शब्द नको.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीने द्यायची रक्कम, घेतली का? राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झालेली हवीत, तुमची ११ आहेत. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५. दोन्ही मिळून १६ हजार धरले तरी लाखाच्या वर जातं. ३० दिवसांत द्यायची असते, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएफ मात्र काढू नका, १० वर्षांच्या वर पेन्शनची सर्व्हिस झालीय तुमची, पुढच्या कंपनीत तोच यूएएन (पीएफचा नंबर) द्या.

प्रतिसाद २:
मी उलट सांगते, रागावू नका. माझ्या मिस्टरांनी असंच कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं. थर्ड शिफ्ट करून माणूस सकाळी आठला घरी येतो, त्याने दहाच्या इंटरव्ह्यूला जायचं कधी? सात महिने कसे गेले कळलं नाही, शोधणं बंदच पडलं होतं. पण घरात पैसे आले, मुलांची फी भरली, तेही खरंच. घ्यायचं तर ठेकेदाराकडून पीएफ कापणार का, ओव्हरटाइमचा रेट काय, हे आधी लिहून घ्या. आणि भाऊ, वहिनींना विचारलं का? तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यांचं मत आहे, त्यांचंच नाही.

धागाकर्ता (रविवार रात्र):
ताई, तुमचं वाचून मोबाईल खाली ठेवला आणि हिला विचारलं. ती म्हणाली दोन महिने मी ओढते, दिवाळीच्या ब्लाउजचं काम आत्तापासून घेते, तुम्ही रात्रपाळीत अडकू नका. मला हे माहीतच नव्हतं की तिचा हिशोब तयार आहे.

ग्रॅच्युइटीचा अर्ज लिहिलाय, उद्या देऊन पोच घेतो. कस्टमरकडच्या तिघांना फोन केले. पहिला नंबर लावायला अर्धा तास लागला मला. एकाने उचललाच नाही, दुसरा बघतो म्हणाला, तिसरे साहेब आवाजावरून ओळखून म्हणाले, अरे तो रॅकवाला ना तू, रिझ्युमे व्हॉट्सॲपवर टाक. गुरुवारी सिन्नरला मुसळगावमध्ये त्यांच्या एका सप्लायरकडे भेटायला बोलावलंय.

ठेकेदाराला उद्या नाही म्हणून कळवतोय. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

आता एवढंच सांगा, गुरुवारी अपेक्षा किती विचारलं तर जुना २७ चा आकडा आधी मी सांगू, की ते किती देतात ते आधी विचारू? सिन्नरला बाईक रोज जायची-यायची म्हणजे पेट्रोल पण धरावं लागेल.