पोटनिवडणूक की पेटानिवडणूक? आणि ‘उलटफेर’ कुठे चालेल?

रावपुरा, वडोदरा:
मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी भाचीने दादरा-नगर हवेलीच्या 2021च्या निकालावर टिपण लिहिलंय. त्यात ‘पेटानिवडणुकीत शिवसेनेने उलटफेर केला’ असं वाक्य आहे. दोन्ही शब्द बदलू का?

दांडिया बाजार:
ताई, पहिला बदलाच. गुजरातीत पेटाकलम, पेटाचूंटणी. आपल्याकडे पोटकलम, पोटनिवडणूक. घडण सारखीच, पण आपला शब्द रुळलेला असताना अर्धा तिकडचा कशाला? मात्र ‘पोट’ म्हणजे दुय्यम, असं तिला वाटू देऊ नका. पोटभाडेकरू मूळ भाडेकरूच्या हाताखालचा असतो. पोटनिवडणुकीतून आलेला खासदार कुणाच्या हाताखालचा नसतो. त्याचं मत इतरांइतकंच, मुदत तेवढी उरलेली मिळते. म्हणूनच मुदत वर्षापेक्षा कमी राहिली असेल, तर 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत जागा भरायचं बंधन राहत नाही.

वाडी:
‘उलटफेर’ हिंदी वाहिन्यांवरून आलाय. त्याला माझी हरकत नाही, पण इथे उलटं झालं काय? 2019 साली मोहन डेलकर अपक्ष म्हणून निवडून आले होते. फेब्रुवारी 2021मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाजपच्या महेश गावितांना 51,269 मतांनी हरवलं. म्हणजे जागा डेलकरांच्या घरातच राहिली. नवल आहे ते पक्षाचं: महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा पहिला लोकसभा खासदार. तेव्हा ‘महाराष्ट्राबाहेर लोकसभेचं खातं उघडलं’ असं लिहू द्या.

खरा उलटफेर संगरूरचा. मार्च 2022मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात 117पैकी 92 जागा घेतल्या, संगरूरमधले नऊही विधानसभा मतदारसंघ त्यांचेच. मुख्यमंत्री झाल्यावर भगवंत मान यांनी सोडलेली ती लोकसभेची जागा जूनमध्ये सिमरनजीत सिंग मान यांच्या अकाली दलाने (अमृतसर) 5,822 मतांनी खेचून घेतली. तिथे ‘बालेकिल्ला ढासळला’ म्हणा, शोभेल.

रावपुरा:
पटलं, काका. तिने पुढे शिवसेनेला ‘छोटा पक्ष’ही म्हटलंय.

वाडी:
तेव्हा मुंबईत मुख्यमंत्री त्यांचाच होता, त्यामुळे सरसकट नको. ‘त्या मतदारसंघात लहान असलेला पक्ष’ असं लिहायला सांगा. आणि मराठीत ‘लहान पक्ष’च बरं वाटतं.