टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं, गोळी थांबवावी का?

रानजाई
आईला (वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही) बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीला महिन्यापूर्वी टेल्मिसार्टन सुरू झाली. क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.० चं १.२ झालंय, पोटॅशियम ४.६. मामा म्हणतोय, गोळी किडनी घालवणार, आजच बंद करा. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर काय करू? गुडघ्यांसाठी ती अधूनमधून डायक्लोफेनॅकही घेते.

तळ्याकाठी
मी किडनी विभागात काम करतो. टेल्मिसार्टन चालू ठेवा.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. तिथल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक नेणारी धमनी जास्त आवळतं, म्हणून गाळणीत दाब टिकतो. टेल्मिसार्टन ती सैल करते. दाब उतरला की गाळण थोडं घटतं आणि क्रिएटिनिन किंचित चढतं. मधुमेहात हाच दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की गाळण्या झिजतात. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः आणणारी बाजू उघडते, त्यामुळे गाळणीतला दाब तिने फारसा उतरत नाही.

३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, आईंची २० आहे. मात्र एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. आकडा चढतच राहिला किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, तर किडनीच्या धमन्या अरुंद झाल्यात का, तेही बघावं लागतं.

मला काळजी वाटते ती डायक्लोफेनॅकची. आणणारी धमनी उघडी ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिन्स, आणि ही गोळी नेमकी त्यांनाच अडवते. म्हणजे येणारं रक्त घटलं आणि जाणारी वाट आधीच सैल! त्यात लघवीची गोळी किंवा जुलाब, म्हणजे किडनी अचानक बंद पडायची भीती. डायक्लोफेनॅक आजपासून बंदच ठेवा.

ओसरी
गुडघ्यांना पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम चालतं का, ते सोमवारी विचारा. आणि घरात ‘लो सोडियम’ मीठ आहे का? त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननेही ते चढू शकतं.

रानजाई
मीठ तेच आहे, बदलते. गोळीच्या पाकिटावर नावापुढे ‘एच’ आहे, म्हणजे?

तळ्याकाठी
त्यात लघवीची गोळी आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन करा, अशा वेळी ही गोळी काही दिवस थांबवायला सांगतात. सोमवारी लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणीही मागून घ्या.