चार बटणं दाबूनही सगळ्या जागा एकालाच, मनपात असं कसं होतं?

महालवाला:
मनपाला आपण एकाच वेळी अ ब क ड अशी चार बटणं दाबतो ना, मला वाटायचं प्रभागात चार जागा म्हणजे ज्याला जितकी मतं तितके नगरसेवक. पण २०१७ ला नागपुरात १५१ पैकी भाजप १०८ आन काँग्रेस २९! कोणी नीट समजावून सांगा भाऊ, पक्षाचं भांडण नको.

सीताबर्डी_एक्स्प्रेस:
चारही जागांची मोजणी वेगवेगळी होते भाऊ. अ मध्ये ज्याला जास्त मतं तो आला, ब मध्ये पण तसंच. समजा एका पक्षाला ४० टक्के, बाकीच्यांना ३०, २०, १०, आणि लोक चारही बटणं एकाच चिन्हावर दाबून राह्यले, तर चारही जागा ४० वाल्याच्या, उरलेल्या ६० टक्क्यांच्या हाती काहीच नाही. जर्मनी, न्यूझीलंडमध्ये पक्षाच्या एकूण मतांच्या हिशोबानं जागा मिळतात. न्यूझीलंडनं १९९३ ला सार्वमत घेऊन आपल्यासारखी पद्धत सोडली.

इंदोरा_कट्टा:
लाट पण होती, ते धरा. पण २०१२ ला दोन-दोनचे प्रभाग होते तेव्हा भाजप १४५ पैकी ६२ वर होती, आणि प्रभाग मोठा झाला की मोहल्ल्यात खपणाऱ्या अपक्षाला एवढ्या मोठ्या भागात पोचताच येत नाही, मला हे फार खटकते. बसपा मात्र १२ वरून १० वरच आली कारण उत्तर नागपुरात तिची मतं एकगठ्ठा आहेत. त्याच बसपाला २०१४ च्या लोकसभेत देशभर ४ टक्क्यांवर मतं आणि खासदार शून्य, कारण मतं विखुरलेली.

धरमपेठकर_ताई:
पदवीधर मतदारसंघात आपण पसंतीचे १, २, ३ आकडे लिहितो ना. कोणी निम्म्याच्या वर गेलं नाही तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. चार जागांच्या प्रभागात हेच लावलं तर पाचवा हिस्सा मतांच्या वर गेलेल्याची जागा पक्की.

महालवाला:
मग महिला, ओबीसी, एससी आरक्षण कसं बसवायचं ताई? अ ब क ड त्याच्यासाठीच तर आहे.

धरमपेठकर_ताई:
हो, खरी अडचण तीच आहे. नेपाळनं यादीतून वाट काढली, म्हणजे पक्ष आधी उमेदवारांची यादी देतो आणि पक्षाच्या एकूण मतांच्या हिशोबानं त्यातले निवडून येतात. संसदेच्या खालच्या सभागृहात २७५ पैकी ११० जागा अशा यादीच्या, आणि संसदेत निवडून आलेल्यांत प्रत्येक पक्षाच्या एक तृतीयांश महिला हव्याच, थेट निवडणुकीत कमी पडल्या तर यादीतून भरायच्या. आपल्याकडे तसं करायचं तर आधी कायदा बदलावा लागेल.