मदत हवी आहे: स्नायू झिजताहेत का, हे रक्तातून कळतं का?

वडील ७६ वर्षांचे, कोथरूडला आमच्याकडेच असतात. वर्षभरात पँटी सैल झाल्या, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही. पोटरीचा घेर टेपने ३० सेंमी भरला. स्नायूंच्या झिजेसाठीच्या आशियाई निकषांत पुरुषांचा घेर ३४ च्या खाली असेल तर पुढे तपासायला सांगतात.

शुगर, बी१२, व्हिटॅमिन डी, अल्ब्युमिन, सीआरपी सगळं ठीक. क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) मात्र कमी, ०.६. डॉक्टर म्हणाले, "किडनी झकास!" पण क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, मग स्नायूच कमी झाल्याने ते कमी आलं असेल तर? त्यासाठी क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी (हेही किडनीच गाळते, पण स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं प्रथिन) यांचं गुणोत्तर पाहतात म्हणे.

थायरॉइडची गोळी चालू आहे (टीएसएच नॉर्मल). सिस्टॅटिन सी थायरॉइडनेही वरखाली होतं. पेसमेकर आहे, त्यामुळे चरबी-स्नायू मोजणारा वजनकाटा बाद. जेवण शाकाहारी, भूक बरी. प्रोटीन पावडरचे सल्ले कृपया नकोत, ते नातेवाइकांकडून भरपूर मिळालेत.

सिस्टॅटिन सी करून उपचारात खरंच काही बदलतं का, की सरळ हाताची पकड मोजून डेक्सा स्कॅन (हाडं, स्नायू, चरबी मोजणारा एक्स-रे) करावा? आणि हे रिपोर्ट नीट वाचणारे, वृद्धांचे आजार पाहणारे डॉक्टर कोथरूड-डेक्कन भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत कुणाला माहीत आहेत का?