मदत हवी आहे: मुलीच्या क्लास रिंगची निवड, निगा आणि विमा

सप्रेम नमस्कार. आमची मुलगी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकते. तिचे ९० क्रेडिट तास (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) पूर्ण झाल्यामुळे तिला आता तिथली मानाची अंगठी, म्हणजे विद्यापीठाची ओळख सांगणारी क्लास रिंग, मागवता येईल. प्रश्न १० कॅरेट घ्यावी की १४ कॅरेट, हा आहे. १० कॅरेटमध्ये सोने ४१.७ टक्के आणि १४ कॅरेटमध्ये ५८.३ टक्के असते. २२ कॅरेटची सवय असलेल्या आपल्या लोकांना दोन्ही कमीच वाटतात, परंतु रोज बोटात राहणाऱ्या अंगठीला कठीणपणा हवा, म्हणून माझा कल १० कॅरेटकडे आहे. आपला अनुभव काय सांगतो?

ती नियमित पोहते आणि क्लोरीनने मिश्रधातू कमकुवत होतो, त्यामुळे तलावात उतरताना अंगठी काढावीच लागेल. नक्षीच्या खाचांतली काळसर झिलई न घालवता साबण साचलेला कसा काढावा?

खरी काळजी विम्याची आहे. घराच्या विम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई बहुधा १,५०० डॉलरपर्यंतच मिळते आणि अंगठी नुसती हरवली, तर सहसा काहीच मिळत नाही. ज्यांनी अशी अंगठी पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवली आहे, त्यांनी कृपया सांगावे: खरेदीची पावती पुरली, की मूल्यांकनाचा दाखलाही द्यावा लागला?